अक्काच्या नावाचं झाड

ओहायो,
शनिवार, ३० एप्रिल, सकाळ

ती. अक्कास,

धाकट्या शिरूचा वाकून नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली मनातच वाकतो, पण मनात अगदी जमिनीला कपाळ टेकवतो.)

आज चहा गाळताना एकाएकी नागेश मास्तरांची पट्टी ऐकू आली. टेबलाच्या कडेवर खट् खट्, खटखट खट्, आणि तिच्या तालावर आमची चौथी आणि तुमची सातवी एकाच खोलीत हेल काढून म्हणतेय. दोन वर्गांना मिळून मास्तर एकच, त्यामुळे सातवीच्या कविता मला चौथीतच पाठ झाल्या आणि चौथीचं गणित मात्र सातवीपर्यंत आलं नाही. ती आजारी मुलीची कविता आठवते ना? दिवेलागण झालेली, आई उशाशी, तुळशीपुढची पणती फडफडतेय, आणि शेवटच्या कडव्यात पणती आणि मुलगी दोघी एकदमच विझतात. तिथे पट्टी थांबायची. सगळी खोली मुसमुसायची, मास्तर उपरण्याने चष्मा पुसायचे. आणि एके दिवशी तू सातवीच्या बाकावरून उभी राहिलीस आणि विचारलंस, ‘मास्तर, पण डॉक्टरला का नाही बोलावलं कुणी?’ मास्तरांनी चष्मा परत लावून तुझ्याकडे पाहिलं. म्हणाले, ‘डॉक्टर आला असता तर कविता कशी झाली असती? बाहेर उभी राहा.’ तू बाहेर गेलीस ती थेट कैऱ्या पाडायला. अडुसष्ट वर्षं झाली, पण ती पट्टी अजून माझ्या कानात आहे, आणि या घरातल्या सगळ्या भानगडीला तीच कारण आहे. ते पुढे येईलच.

तुझी तब्येत कशी आहे हे विचारायला मला तोंड नाही, तरी विचारतो. दम्याचा पंप उशाशी असतो ना? डोळ्यांत थेंब सुहास घालतो की सूनबाई? (सुहासने घातले तर ते गालावर पडतात. तुझ्या पोराचा नेम मला ठाऊक आहे.) भातगिरणीचा नवा पट्टा आला का? गेल्या शनिवारपासून तू माझा फोन उचलत नाहीस. सुहास म्हणाला, मामा, आई फोनकडे बघते आणि उठून माजघरात जाते. म्हणून हे पत्र. पानांचे फोटो काढून पाठवायला मी शिकलोय. सुहास ते आजऱ्यातच मोठ्या अक्षरांत छापून तुझ्या हातात ठेवील.

तू चिडलीस ते रास्त आहे. आपल्या शनिवारच्या व्हिडिओ कॉलवर तुला दिसलं ते एवढंच: तू फणसाच्या गऱ्यांचं सांगत होतीस, आमच्याकडे दाराची घंटा वाजली, एक पिकल्या केसांची गोरी बाई हातात रोप आणि फावडं घेऊन आत आली, आणि मग मी तुला उचलून कोचावर पालथी घातली. त्यानंतर अंधार. का, ते सांगतो. पण त्याआधी इथलं डॉक्टरकीचं त्रांगडं तुला समजावून द्यायला हवं, नाहीतर तुला वाटायचं की माझं डोकं फिरलंय. (पराग आणि मुग्धाला, म्हणजे तुझ्या भाच्याला आणि भाचेसुनेला, तसं वाटतंच.)

आपल्याकडे पोरगं बारावी झालं की मेडिकलला जातं नाहीतर जात नाही. प्रश्न मिटला. इथे आधी चार वर्षं साधी पदवी, मग एक अक्राळविक्राळ परीक्षा, मग पुन्हा चार वर्षं डॉक्टरकी. पण काही कॉलेजं बारावीतल्या पोरांना दोन्हींचं वचन एकदम देतात. लग्नाचं कार्यालय ठरवतानाच बारशाचा दिवसही पक्का करून टाकावा, तसं. हजारो पोरं अर्ज करतात, दहा-पंधरा घेतात, आणि आमच्या नातीला, रुजूला, अशी दोन वचनं मिळाली. एक सात वर्षांचं, एक आठ वर्षांचं. कॉलेजांची नावं तुझ्या लक्षात राहायची नाहीत, माझ्याही राहत नाहीत. आम्ही त्यांना सातवाली आणि आठवाली म्हणतो. जाऊबाया वाटतात, आणि घरात कलहही तितकाच आहे.

सातवाली एक वर्ष वाचवते, नाव मोठं आहे, पण मार्क जरा घसरले की पोरीला गाडीतून मध्येच उतरवते. आठवाली शांत आहे. ती अक्राळविक्राळ परीक्षाही घेत नाही, वर म्हणते की पहिल्या चार वर्षांत हवं तर चित्रकला शीक, ग्रीक शीक. उद्या एक मे. उद्यापर्यंत एकीला हो म्हणायचं आणि दुसरीला नाही. गेला महिनाभर या घरात वरणात मीठ कमी पडलं तरी चर्चा सात-आठवर येते.

परागने फ्रिजवर तक्ता लावलाय. (पूल बांधणारा माणूस, त्याला तक्त्याशिवाय भूक लागत नाही.) डाव्या बाजूला मुद्दे, उजव्या बाजूला दोघींचे गुण. परीक्षेचे निकाल, वसतिगृह, बर्फ पडण्याचे दिवस, घरापासूनचं अंतर, कढीपत्ता मिळणारं दुकान किती मैलांवर. पहिल्यांदा बेरीज केली तर आठवाली जिंकली. तेव्हा परागने ‘वाचलेलं वर्ष’ या मुद्द्याचं वजन वाढवलं. पुन्हा बेरीज केली, पुन्हा आठवाली. आता कढीपत्ता रद्द झालाय आणि सातवाली दोन गुणांनी पुढे आहे. मी म्हटलं, अरे, तुला आधीच उत्तर ठाऊक होतं तर फ्रिजला कशाला त्रास दिलास? तर म्हणाला, बाबा, तुम्ही कविता म्हणा. हे वाक्य मी या घरात वर्षाला साधारण चाळीस वेळा ऐकतो.

ज्या पोरीचं आयुष्य ठरतंय ती मात्र गप्प. इथे अशी रीत आहे की शाळेच्या शेवटी एका ठरावीक दिवशी पोरं आपापल्या कॉलेजचा शर्ट घालून जातात, म्हणजे कोण कुठे चाललंय ते सगळ्यांना कळतं. तो दिवस काल होता. मुग्धाने सातवालीचा जांभळा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला होता. रुजू जिन्यावरून उतरली ती सुहासने पाठवलेला, गिरणीतल्या तांदळाच्या जाहिरातीचा पिवळा शर्ट घालून, छातीवर ठसठशीत ‘आजरा घनसाळ, सुवासिक आणि खात्रीशीर’. मुग्धाच्या हातातून चमचा पडला. संध्याकाळी मी रुजूला विचारलं, शाळेत काय म्हणाले गं? म्हणाली, ‘सगळे विचारत होते हे कॉलेज कुठेय. मी सांगितलं, तिथे प्रवेश फार कठीण असतो, आजोबा.’

आता मुळावर येतो. (मुग्धा म्हणते, तुम्ही मुळावर यायला खोडाला तीन फेऱ्या घालता.) या वचनांसाठी पोरांना निबंध लिहावा लागतो: मला डॉक्टर का व्हायचंय. चार वर्षांपूर्वी रुजू तुझ्याकडे आजऱ्याला आली होती, तेव्हा माकडांवर ओरडता ओरडता तुला दमा लागला होता, आठवतं? ओठ निळे पडले, आणि ही तेरा वर्षांची पोर अनवाणी धावत समोरच्या चौगुले डॉक्टरांना घेऊन आली. ते लुंगीवर, स्लिपरा घालून आले, तुझ्या तोंडाला वाफ लावली, आणि पाऊण तासाने तू त्यांनाच झापलंस की सारवलेल्या जमिनीवर ओल्या पायांनी कशाला आलात. रुजूने निबंधात हेच लिहिलं. शेवटी लिहिलं, ज्या बाईला श्वास घेता येत नव्हता ती पाऊण तासाने कुणाला तरी रागावू शकते, हे मी पाहिलं, आणि मला हेच काम करायचंय. हा निबंध आठवालीकडे गेला, कारण तिची मुदत आधी संपत होती.

मग पराग आणि मुग्धाला कुणीतरी पद्मजाबाईंचं नाव सांगितलं. या तेलुगू बाईंची दोन्ही पोरं अशाच वचनांवर डॉक्टर झाली, तेव्हापासून त्या आपल्या तळघरात बसून दुसऱ्यांची पोरं डॉक्टर करतात. त्यांनी रुजूचा निबंध वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, सगळं छान आहे हो, पण म्हातारी वाचते. म्हातारी वाचली की निबंध मरतो. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी कुठून येणार? मी कोपऱ्यात बसून हे ऐकत होतो आणि मला वाटलं की आता या बाई टेबलावर पट्टी आपटणार.

तर अक्का, सातवालीकडे गेलेल्या निबंधात तू नाहीस. म्हणजे आहेस, पण शेवटपर्यंत नाहीस. गावात डॉक्टर नाही (चौगुल्यांना सांगू नकोस), दिवेलागणीची वेळ, तुळशीपुढे पणती, आणि रुजूचा हात हातात धरून तू गेलीस. मराठीत सांगतोय म्हणून तुला एवढं वाटत नसेल. इंग्रजीत फार वाईट वाटतं. सातवालीच्या निवड समितीत डॉक्टर मार्गारेट हॉलोवे म्हणून एक निवृत्त बालरोगतज्ज्ञ आहेत, आमच्यापासून वीस मिनिटांवर राहतात. त्यांनी रुजूची मुलाखत घेतली होती. निबंध वाचून त्या रडल्या होत्या म्हणे. आणि पोर अजून होकार का कळवत नाही, म्हणून आपण होऊन भेटायला आल्या. त्या शनिवारी. हातात एक रेडबडचं रोप घेऊन. ओहायोत हे झाड चैत्रात पानांआधी फुलतं, फांद्यांवर नुसता गुलाबी धूर. मला फार आवडतं. त्यांनी ते तुझ्या स्मरणार्थ आणलं होतं.

आणि मांडीवरच्या टॅबलेटवर तू, फणसाच्या गऱ्यांसकट.

मी तुला पालथी घातली. पण तुझा आवाज काही पालथा पडेना. पराग घाबरून म्हणाला, बसा, बसा, आणि मुग्धा झटकन बसली ती तुझ्यावरच. अक्का, तिने हे मुद्दाम केलं नाही. तिच्याखालून तू म्हणालीस, ‘शिरू, अंधार कशाने झाला? मेलास की काय तिकडे?’ डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे काय आहे? पराग म्हणाला, प्रार्थना, आमच्याकडे या वेळेला लावतात. बाईंनी मान खाली घालून हात जोडले. तू पुढे आणखी बरंच बोललीस, त्यात आपल्या वडिलांचाही उद्धार होता, आणि बाई शेवटपर्यंत हात जोडून उभ्या राहिल्या. मग आम्ही सगळ्यांनी मिळून अंगणात झाड लावलं. त्याच्यापाशी पितळेची लहानशी पाटी आहे, तिच्यावर तुझं पूर्ण नाव आणि खाली दोन सालं. पहिलं साल बरोबर आहे.

रुजू त्या दिवशी खड्ड्यात माती लोटत होती आणि तिचा चेहरा मला बघवत नव्हता. बाई गेल्यावर पराग म्हणाला, झालं ते झालं, डॉक्टर झाल्यावर शंभर माणसं वाचव, फिटेल. रात्रीचं जेवण झाल्यावर भांडी विसळताना मला म्हणाली, ‘आजोबा, आठवाली घेतली तर एक वर्ष जास्त लागेल. सातवाली घेतली तर अक्काआजी सात वर्षं मेलेली राहील. पुढेही राहील. माझ्या लग्नात तिला कुठे बसवायचं?’ मी एका कवितेची ओळ म्हणायला तोंड उघडलं आणि पोरीने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. माझ्या आयुष्यात कविता अर्ध्यावर सोडल्याचा हा पहिलाच प्रसंग.

तेव्हापासून आठ दिवस हे घर म्हणजे शाळा सुटल्यानंतरचा वर्ग आहे. पराग तक्त्यातली वजनं बदलतो. मुग्धा दिवसातून दोनदा त्या झाडाला पाणी घालते आणि पाटीकडे पाठ करून उभी राहते. (तिला तुझी भीती वाटते. जिवंतपणी वाटायची त्याहून जास्त.) आज सकाळी रुजू गाडी घेऊन बाहेर गेलीय. डॉक्टरीणबाईंचं फावडं इथेच राहिलं होतं, ते परत देऊन येते म्हणाली. नुसतं फावडं द्यायला दीड तास लागत नाही, पण मी विचारणारा कोण.

तर एकूण हे असं आहे. दोष सगळा त्या पद्मजाबाईंचा. परागचाही थोडा. या देशाचाही. रडल्याशिवाय ज्यांना पोरांची हुशारी दिसत नाही त्यांचा तर फारच. तू मोठ्या मनाची आहेस, राग सोड आणि फोन उचल. सुहासला, सूनबाईंना आशीर्वाद. चौगुले डॉक्टरांना नमस्कार सांग, कारण सांगू नकोस.

तुझा,
शिरू

ता. क. मेतकूट संपलंय. कुणी इकडे येणारं असेल तर अर्धा किलो पाठव. मुग्धाने इथे केलं होतं. ते भिंतीच्या भेगा भरायला चालेल.

ता. क. २. वर लिहिलेलं पुन्हा वाचलं. दम्याचा प्रसंग खरा, तळघर खरं, तक्ता खरा. एक गोष्ट मात्र मी गाळली आहे, आणि गाळून वर सहीही केली. पद्मजाबाई फक्त एवढंच म्हणाल्या होत्या की शेवट बदला. कसा, ते त्यांनी सांगितलं नाही. घरी येऊन रुजू कोऱ्या कागदापुढे तासभर बसली आणि म्हणाली, मला हे लिहिता येणार नाही. मी म्हटलं, आण इकडे. अक्का, दिवेलागण माझी आहे. पणतीही माझीच. मी डोळे मिटून मराठीत सांगत होतो, बोटाने टेबलावर ताल धरून, आणि पोर रडत रडत इंग्रजीत उतरवत होती. मला वाटलं, निबंधच इतका चांगला जमलाय म्हणून रडतेय. शेवटच्या वाक्यावर मीही चष्मा पुसला. परागने नाही, पद्मजाबाईंनी नाही. तुला मी मारलं. फक्त कवितेसाठी.

ता. क. ३. आणि ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते हे. मला क्षमा कर म्हणायचं नाहीये, तुझ्या सवडीने कर. पण रुजूला तू फोन कर. तुला तोंड दाखवायची तिला लाज वाटते, म्हणून आठ दिवस ती शनिवारची वाट बघत होती आणि आज शनिवार आला तशी गाडी घेऊन निघून गेली. तिला समजावू नकोस, लाडाने बोलू नकोस. तिला चांगली रागाव. चौगुल्यांना रागावलीस तशी, श्वास न घेता. तेवढं ऐकलं की तिला कळेल की तू आहेस. उद्या मुदत संपायच्या आत तिला हे ऐकायला मिळायला हवं, मग ती सात म्हणो नाहीतर आठ.

दाराची घंटा वाजली. थांब.

खिडकीतून पाहिलं. रुजूच आहे, पण एकटी नाही. डॉक्टर हॉलोवे आहेत, फावड्यासकट. रुजूचे डोळे सुजलेत आणि ती चक्क जांभई देतेय, आठ दिवस न झोपलेलं माणूस देतं तशी. पितळेची पाटी झाडापाशी दिसत नाही. ती बाईंच्या हातात आहे.

दार उघडून आलो. त्यांना बसवून चहा ठेवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात उभ्याउभ्या लिहितोय. रुजूने त्यांना सगळं सांगितलं. आठवालीला होकारही गाडीत बसूनच कळवून टाकला. पराग अजून जिना उतरलेला नाही, म्हणजे ही बातमी या घरात मला आणि आता तुला. बाईंनी मला बोल लावला नाही. कोचावर बसायच्या आधी त्यांनी उशी उचलून खाली कुणी नाही ना ते पाहून घेतलं, पाटी टेबलावर उपडी ठेवली आणि एवढंच विचारलं, तुमच्या बहिणीकडे आत्ता किती वाजलेत? मी म्हटलं, संध्याकाळचे सात. दिवेलागणीची वेळ. त्या म्हणाल्या, मग लावा फोन, मला त्यांचा श्वास कसा चाललाय ते बघायचंय.

पानांचे फोटो पाठवतोय. पाच मिनिटांत तुझा फोन वाजेल. माजघरात जाऊ नकोस, अक्का. डॉक्टर आलाय.